क्लचचा हात आणि गयामावशीची गाय

"तुमच्या मनगटात एक बोगदा आहे," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आणि त्या बोगद्यात तुमची शीर अडकली आहे."

परभणीच्या दवाखान्यात स्टुलावर बसून मी माझ्या डाव्या मनगटाकडे बघत राहिलो. सेहेचाळीस वर्षं हे मनगट माझ्याजवळ आहे. त्यावर मी घड्याळ बांधलं, लेकीला डोकं टेकवून झोपवलं, त्याच्या जोरावर ढेकळातून गाडी काढली. आत बोगदा असेल असं कधी वाटलं नव्हतं.

आजाराचं नाव कार्पल टनेल सिंड्रोम. कार्पल म्हणजे मनगटाचं आणि टनेल म्हणजे बोगदा. तळहाताच्या मुळाशी हाडांची एक पन्हळ असते आणि तिच्यावर चिवट पट्टी ताणलेली असते. त्या चिंचोळ्या जागेतून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्या गर्दीतून एक शीर जाते. तिला मीडियन नर्व्ह म्हणतात. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट यांना काय लागलं, गरम की गार, मऊ की खरखरीत, हे मेंदूला कळवायचं काम तिचं.

मॅडमनी मला डोळे मिटायला सांगितले आणि करंगळीशेजारच्या बोटाला कापूस लावला. करंगळीकडच्या बाजूला लावला की कळायचा. त्याच बोटाच्या दुसऱ्या बाजूला लावला की काहीच नाही. "अर्ध्या बोटापर्यंत या शिरेची हद्द, अर्ध्यापासून दुसरीची," त्या म्हणाल्या. माझ्या एका बोटावरून दोन तालुक्यांची शीव गेली होती आणि मला पत्ता नव्हता. घाबरायचं सोडून मी थक्कच झालो.

हे लिहायचं कारण एवढंच की आपल्या भागात रोज गाडीवर पोट असणारी माणसं फार आहेत. दूध गोळा करणारे, मीटर वाचणारे, औषधांची ऑर्डर घेत फिरणारे, माझ्यासारखे जनावरांचे. त्यातल्या कुणाचा तरी हात आत्ता झोपलेला असेल आणि तो झटकून पुढं जात असेल. मीही दीड वर्ष झटकतच होतो.

माझं काम आधी सांगतो, नाहीतर एका हातासाठी एवढा जीव का टाकला ते कळायचं नाही. मी ताडकळसला राहतो. गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करतो आणि त्या गाभण आहेत का ते तपासतो. गावोगाव मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे सांगून सांगून थकलो आणि मग ऐकून घ्यायला लागलो. उत्तरेला पूर्णा, दक्षिणेला पालमपर्यंत, दिवसाला ऐंशी-नव्वद किलोमीटर गाडी होते.

तपासणीत डावा हात लांब हातमोजा घालून गायीच्या शेणाच्या वाटेनं आत घालायचा. आत दिसत काही नाही. आतड्याच्या पडद्यापलीकडे गर्भाशय चाचपायचं. दोन-अडीच महिन्यांचं वासरू म्हणजे उंदराएवढा ऐवज. गर्भाशयाचं शिंग अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत हलकेच धरलं, की वासराभोवतीचा पडदा आतल्या आत सुळकन निसटतो. रेशमाचा धागा कापडाच्या घडीतून ओढावा तसा. तो निसटला की गाय गाभण. वीस वर्षं माझ्या त्या चिमटीवर लोकांनी गायी ठेवल्या आणि विकल्या.

आणि नेमकी तीच चिमूट झोपी गेली.

सुरुवात साधीच होती. पहाटे हाताला मुंग्या यायच्या, झटकलं की जायच्या. मग गाडीवर यायला लागल्या. पंधरा-वीस मिनिटं चालवली की क्लचचा हात बधिर. मी एका हातानं गाडी चालवत डावा हात मांडीवर आपटायचो. समोरून येणाऱ्या ओळखीच्या लोकांना वाटायचं मी नमस्कार करतोय, तेही हात करायचे.

मग अक्कल चालवली. हँडलच्या मुठीला स्पंजाचं जाड कव्हर घातलं, त्यावर सुती पट्टी गुंडाळली. मऊ झालं की दुखणार नाही, असा हिशोब. मूठ एवढी जाड झाली की क्लच दाबायला दुप्पट जोर लागायला लागला. दुखणं कोपरापर्यंत चढलं. माझी बायको शोभा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिनं ते बघितलं आणि म्हणाली, "हँडलला पट्टी बांधलीत. आता गाडीला दवाखान्यात न्या आन तुमी घरी बसा."

मी हसलो. खरं काय चाललंय ते मी तिलाही सांगितलं नव्हतं. गायीच्या पोटात माझी बोटं आंधळी झाली होती. मी अंदाजानं सांगत होतो. रेतनाची तारीख विचारायची, गाय परत माजावर आली का ते विचारायचं, कासेकडे बघायचं आणि चेहरा गंभीर करून निकाल द्यायचा. बरेचदा बरोबर यायचा. त्यामुळे फसवणूक चालू राहिली. हे लिहिताना आजही लाज वाटते.

ती फसवणूक उघडी पडली गयामावशीच्या दारात.

गयाबाई ताडकळसपासून सात किलोमीटर आत एका वस्तीवर राहतात. साठीच्या आहेत. त्यांची लाल कंधारी गाय मीच रेतन केलेली. अडीच महिन्यांनी तपासायला गेलो. हात घातला, चाचपलं, चिमटीत धरलं. काही निसटलं नाही. खरं तर काही लागलंच नाही. मी म्हणालो, "खाली हाय मावशी."

मावशीनं गायीच्या पाठीवरचा हात काढला नाही. "न्हाई. परत बगा."

"बघितलं की."

"तिचं चालणं बदललंय. पाणी प्यायची तऱ्हा बदललीय. माज न्हाई आला. तुमचा हात झोपलाय का डॉक्टर आज?"

त्या सहज बोलल्या होत्या. त्यांचा मुलगा उत्तम शेजारी उभा होता. तो म्हणाला, "आई, डॉक्टरपरीस तुला जास्त कळतं का? दोनदा भरवली, दोनदा खाली. आता बाजारात न्यायची बग." ताडकळसचा बाजार तीन दिवसांवर होता. गाभण गाय बाजारात उभी करायला कुणी धजावत नाही. खाली गाय म्हणून नेली, तर ती कुणाच्या हाती लागेल आणि कुठं जाईल ते सांगता येत नाही. तिच्या पोटात खरंच वासरू असेल, तर मी एका शब्दानं दोन जीव दावणीतून सोडले होते.

घरी आलो आणि शोभाला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रागावेल. ती उठली, माझा हात हातात घेतला, अंगठ्याखालचा मांसल उंचवटा दाबून बघितला. "ह्यो तर बसलाय," ती म्हणाली. उजव्या हाताशेजारी धरून बघितलं, तर खरंच डाव्याचा उंचवटा जरा सपाट झालेला. माझा हात सुकायला लागला होता आणि मी हँडलला पट्ट्या गुंडाळत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि आम्ही सकाळच्या बसनं परभणीला गेलो.

मज्जासंस्थेच्या डॉक्टरकडे बाहेर बसायला लाकडी बाकं होती. एक आजोबा होते, त्यांचं तोंड एका बाजूला वळलेलं. एक तरुण बाई, तिचा पाय सतत थरथरत होता. कुणी कुणाला काय झालंय विचारत नव्हतं, कुठून आलात एवढंच विचारत होतं. जनावरांच्या दवाखान्यात मी नेहमी पलीकडच्या बाजूला असतो. इकडून बसल्यावर कळलं की आतून नाव पुकारेपर्यंत माणूस किती लहान होतो.

मॅडमनी मनगटावर बोटानं टिचक्या मारल्या आणि वीज बोटांत उतरली. मग दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावून बोटं खाली, असा उलटा नमस्कार करून बसवलं. मिनिट व्हायच्या आत डावी बोटं मेली. "वाकलेल्या मनगटात बोगदा आणखी आवळतो," त्या म्हणाल्या.

मग नर्व्ह कंडक्शन टेस्ट. शिरेतून संदेश किती वेगानं जातो ते मोजायची तपासणी. बोटाला तारा लावतात आणि मनगटावर विजेचा बारीक झटका देतात. घाबरायचं कारण नाही. कुंपणाची झटका मशीन ज्यानं एकदा चुकून धरली आहे, त्याला हे काहीच वाटत नाही. पहिल्या झटक्याला माझा अंगठा उडाला. मी त्याला हुकूम दिला नव्हता. माझ्या डोळ्यांदेखत माझाच अंगठा दुसऱ्याचं ऐकत होता.

पडद्यावर लाट उठली. उजव्या हाताची लाट उंच, तरतरीत. डाव्याची बुटकी आणि उशिरा आलेली. उशीर किती, तर सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले दोन-तीन. तेवढ्या उशिरानं माझं वीस वर्षांचं काम बंद पडलं होतं. मी मॅडमना विचारलं, "हे असं प्रत्येक माणसात सारखं चालू असतं?" त्या हसून म्हणाल्या, "जन्मापासून. तुम्ही झोपलेले असता तेव्हाही." बरा असताना मी याबद्दल कुणाचे आभार मानले नव्हते.

साखर आणि थायरॉइड तपासायला रक्त घेतलं, कारण त्यांच्यामुळेही ही शीर दबते. मानेचीही परीक्षा झाली. दोन्हीकडून काही निघालं नाही. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तुम्ही गाडीवर कसे बसता ते मला करून दाखवा."

मी स्टुलावर मागं सरकलो, पुढं वाकलो, हात लांब केले आणि हवेत हँडल धरलं. मॅडम जागेवरून उठल्या.

"इतक्या मागे का बसलात?"

"पुढं कॅन असतं."

"कसलं कॅन?"

मग सगळी कहाणी सांगावी लागली. वीर्याच्या कांड्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवाव्या लागतात, गोठवणाऱ्या थंडीत. त्याचं घागरीएवढं कॅन घेऊन आम्ही फिरतो. चार वर्षांपूर्वी पालमच्या रस्त्यावर एका खड्ड्यात माझ्या मागच्या कॅरियरवरून ते निसटलं. झाकण उडालं, रस्त्यावर पांढरी वाफ पसरली आणि बघता बघता निघून गेली. सगळ्या कांड्या मेल्या. तेव्हापासून मी कॅन टाकीवर, डोळ्यासमोर बांधायला लागलो. मग वळताना हँडल कॅनला आपटायचं, म्हणून कंपनीचं हँडल काढून टाकलं आणि सरळ, बसकं, पुढं गेलेलं हँडल लावून घेतलं. कॅनमुळे मी सीटच्या मागच्या टोकाला, हँडल पुढच्या टोकाला. अंगाचा सगळा भार दोन मनगटांवर. चार वर्षं, रोज ऐंशी किलोमीटर.

सांगता सांगता माझं मलाच कळत गेलं. कॅनला धक्का लागू नये म्हणून मी हाताला चूड लावून बसलो होतो.

मॅडमनी बॉलपेन घेतलं आणि माझ्या कोपरापासून मनगटावरून बोटांच्या पेरापर्यंत एक रेघ ओढली. "ही रेघ मोडू द्यायची नाही. गाडीवर, जेवताना, झोपेत, कधीही नाही. झोपताना स्प्लिंट, म्हणजे मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायचा. गायींची तपासणी तीन महिने बंद. गाडी सोडा असं मी म्हणणार नाही, सोडणार नाही तुम्ही. पण बसायची रीत बदला. फरक पडला तर उत्तम. नाही पडला, तर छोटं ऑपरेशन करून पट्टी मोकळी करू."

"आणि बोटांची जाण परत येईल?"

"येईल असं वाटतं. वचन देत नाही."

बसमध्ये मी ती निळी रेघ बघत बसलो. शोभा म्हणाली, "पुसू नका, रशीदभाईला दाखवा." रशीदभाई म्हणजे आमचा गाडीचा मिस्त्री. पण त्याच्याकडे जायच्या आधी दुसरीकडे जायचं होतं.

सकाळी वस्तीवर गेलो. उत्तम गायीला धूत होता. दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी मावशींना म्हणालो, "माझ्या हाताची शीर दबलीय. बोटाला कळत न्हाई. मी खाली म्हणलो ते खरं धरू नका. पूर्णेच्या जनावराच्या डॉक्टर सायबांना बोलवून तपासून घ्या."

उत्तमनं बादली खाली ठेवली. "म्हंजे आमी तुमच्या शब्दावर गाय विकायलोय आन तुमाला कळतच न्हाई?"

मावशी म्हणाल्या, "गप रे. घरी येऊन माझा हात चुकला म्हणणारा डॉक्टर कवा बगितलास का?" मग माझ्याकडे वळल्या. "सायेब-बियेब नको. गाभण हाय ते मला ठावं हाय. तुमचा हात किती दिवसानं बरा होईल?"

"तीन महिने म्हणल्यात. झाला तर."

"मग तीन महिन्यानं या. गाय कुठं जायली न्हाई."

मला वाटलं त्या मला समजावतायत. पुढं कळलं की त्यांनी खरंच दुसऱ्या कुणाला गायीला हात लावू दिला नाही. उत्तम तीन महिने कुरकुरत चारा टाकत होता. एका बाईनं माझ्या झोपलेल्या हातासाठी दावणीला गाय थांबवून ठेवली होती.

रशीदभाईनं माझी गाडी दुहेरी स्टँडवर लावली, कॅन काढायला लावलं आणि मला सीटच्या मधोमध बसवलं. चार वर्षांनी मी माझ्याच गाडीवर जागेवर बसलो होतो. "आँखा मिटा, डॉक्टर. हात ढिले सोडा. आता हँडल धरायलाव असं समजून उचला. हां, बस. हलू नका."

माझे हात हवेत जिथं थांबले, तिथपर्यंत त्यानं सीटपासून सुतळी मापली. मग सुतळीचं तेच टोक हँडलच्या मुठीशी नेलं. पुरेना. मूठ वीतभर पुढं होती आणि चार बोटं खाली. तो म्हणाला, "हँडल पूर्णेला, आदमी परभणीला. चार साल तुमी गाडी चालवली न्हाई डॉक्टर, ढकलली."

पहिल्यांदा त्यानं जुन्या एका गाडीचं उंच हँडल लावलं. मी ऐटीत मानवतपर्यंत जाऊन आलो. हाताच्या मुंग्या कमी, पण खांदे असे भरून आले की शर्ट काढता येईना. शिवाय क्लचची तार आखूड पडत होती. गाडी उजवीकडे वळवली की तार आपोआप ताणली जायची आणि गाडीचं ओढणं जायचं. घाटावर किंवा ट्रकसमोर असं झालं तर हात बरा व्हायला माणूसच उरायचा नाही. हँडल बदलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. हँडल एकटं बदलत नाही, त्याच्याबरोबर क्लचची तार, ब्रेक, वायरी सगळं मापात यावं लागतं. दोन्हीकडे पूर्ण वळवून बघितल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये.

दुसऱ्या खेपेला रशीदभाईनं सुतळीचं माप धरून हँडल शोधलं. साधंच, चार बोटं उठलेलं, मुठी माझ्याकडे वळलेल्या. लांब तार घातली, तिला तेल पाजलं. स्पंज फाडून टाकून बारीक रबरी मुठी लावल्या. शेवटी क्लचच्या दांडीचा नट ढिला केला. ती माझ्या गाडीला आभाळाकडे बघत होती. त्यानं ती हळूहळू खाली फिरवली, माझ्या कोपरापासून बोटापर्यंत सुतळी ताणली आणि सुतळी सरळ झाली तिथं नट आवळला.

मी बाही वर केली. मॅडमची निळी रेघ पुसट झाली होती, पण होती. सुतळी बरोबर तिच्यावर बसली होती. एक बाई शिरा वाचते, एक माणूस नट आवळतो. दोघं आयुष्यात एकमेकांना भेटलेले नाहीत. दोघांनी माझ्या हातावर एकच रेघ ओढली होती. मी गाडीवर तसाच बसून राहिलो. रशीदभाईला वाटलं मला काही पसंत पडलं नाही.

कॅनसाठी त्यानं उजव्या बाजूला लोखंडी चौकट केली, खाली रबर, वरून दोन पट्टे. मी म्हणालो, "डोळ्यासमोर पाहिजे." त्यानं उजवा आरसा जरा खाली वाकवला. आरशात कॅन दिसलं. "झालं की न्हाई? आता पुढं बगा." माझी मागची सीट चार वर्षांनी रिकामी झाली. त्या संध्याकाळी शोभा तीवर बसली आणि म्हणाली की ही गाडी आपलीच आहे हे ती विसरून गेली होती.

पण शीर म्हणजे नट नाही. तिला तिचा वेळ लागतो, आणि तो काढणं हा आजाराचा सगळ्यात अवघड भाग. हँडल बदलल्यावर आठवड्यात कोपराचं दुखणं गेलं. गाडीवरच्या मुंग्या महिन्यात गेल्या. बोटं मात्र झोपलेलीच. माझी बोलावणी मी पालमच्या एका मित्राकडे वळवली. फोन आला की म्हणायचो, हात दुखतोय. पलीकडचा म्हणायचा, बरा झाला की सांगा. मग फोन कमी झाले. मी उघड्या अंगणात बसून चिंता करायचो आणि शोभाला दिसलो की स्प्लिंटचे पट्टे सारखे करायचो.

शोभानं एक खेळ काढला. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी ती मला डोळे मिटायला लावायची आणि चिमटीत एक दाणा ठेवायची. ज्वारी, मूग, तूर की हरभरा, सांगायचं. पहिले पंधरा दिवस मला दाणा ठेवलाय की नाही हेच कळेना. मी ठोकून द्यायचो. "तूर." ती म्हणायची, "अजून ठेवलाच न्हाई मी." मी तिच्या वर्गातलं एखादं पोर असतो, तर मला अंगठे धरून उभं केलं असतं.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी चिमटीत काहीतरी टोचलं. अगदी बारीक. हरभऱ्याला नाक असतं ना, ते. मी डोळे न उघडता म्हणालो, "हरभरा." डोळे उघडले तर ती पदरानं डोळे पुसत होती. त्या दिवशी तिची बस चुकली. मी तिला गाडीवर शाळेत सोडलं आणि क्लच दोन बोटांनी दाबत आलो.

मग हळूहळू ज्वारी आली, मूग आला. सदऱ्याचं बटण आलं. गार पाण्याचा गारपणा आला. तीन महिन्यांनी मॅडमनी पुन्हा झटके दिले. लाट अजून जराशी बुटकी होती, पण लवकर आली. "ऑपरेशन नको," त्या म्हणाल्या. "पण ती रेघ आता आयुष्यभर."

तुमच्यापैकी कुणाचा हात गाडीवर झोपत असेल, तर माझ्यासारखं दीड वर्ष झटकू नका. अंगठ्याखालचा उंचवटा दोन्ही हातांचा शेजारी धरून बघा. डॉक्टरला गाठा, कारण मुंग्यांची कारणं अनेक असतात आणि प्रत्येकाचं औषध हँडलमध्ये नसतं. आणि डॉक्टरला नुसतं दुखणं सांगू नका, तुम्ही दिवसभर कसे बसता ते करून दाखवा. माझा आजार रिपोर्टमध्ये दिसला, पण त्याचं मूळ त्या स्टुलावर सापडलं.

मॅडमनी ऑपरेशन नको म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीवर गेलो. कॅन आरशात, मनगट सरळ. गाय आता साडेपाच महिन्यांची गाभण असायला हवी होती, असली तर. पोट थोडं भरल्यासारखं दिसत होतं, पण हिरव्या चाऱ्यानंही तसं दिसतं. उत्तम हाताची घडी घालून उभा होता. मावशी गायीच्या तोंडाशी होत्या.

साडेपाच महिन्यांना एक अडचण असते. वासरू जड होऊन पोटात खाली उतरतं आणि हाताला लागत नाही. तेव्हा एकच खूण उरते. गर्भाशयाकडे जाणारी एक रक्तवाहिनी असते, पेन्सिलीएवढी. गाय गाभण असली की वासराला पोसायला तिच्यातून रक्त असं वाहतं की ठोका लागत नाही, सतत थरथर लागते. झिणझिण. ती फक्त अंगठा आणि दोन बोटांनी कळते. माझी तीच तीन बोटं.

हात आत घातला. वासरू लागलं नाही. हाडाच्या कडेनं बोटं सरकवत गेलो आणि ती वाहिनी सापडली. चिमटीत हलकेच धरली.

झिणझिण होत होती.

आणि मला घाम फुटला. कारण ही झिणझिण मला पाठ होती. दीड वर्ष माझ्या बोटांत हीच तर होती. ही गायीची, की माझीच परत आली?

मी चिमूट सोडली. बोटं नुसती आत धरली. शांत. काहीच नाही. पुन्हा धरली. झिणझिण. सोडली. शांत. पुन्हा धरली. पाण्याच्या पाइपावर हात ठेवावा तसं काहीतरी आत वाहत होतं, एकसारखं, घाईनं, मला न दिसणाऱ्या कुणाकडे तरी. ते माझं नव्हतं.

"मावशी," मी म्हणालो, "गाभण हाय."

उत्तमनं हातांची घडी सोडली. मावशी गायीच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत होत्या. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"ते मला ठावंच होतं," त्या म्हणाल्या. "तुमचा हात सांगा. कसा हाय?"

हात अजून आतच होता आणि बोटांखाली ते चालूच होतं.